कॉम्प्युटरचे तीन शब्द : आणि, किंवा, नाही



गटाचे रजिस्टर मोबाईलवर आले, योजनांचे अर्ज ऑनलाइन झाले. अर्ज अडकला की सेवा केंद्रावरचा मुलगा म्हणतो, "ताई, कॉम्प्युटर घेत नाही." तो काय घेतो आणि काय नाही, ते आज पाहू. त्याला इंग्रजी लागत नाही. आपल्याच बोलण्यातले तीन शब्द लागतात: आणि, किंवा, नाही.

जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली एक पुस्तक लिहिले. आपण जे तर्क करतो ते १ आणि ० वापरून गणितासारखे मांडता येतात, असे त्यात दाखवले होते. तेव्हा कॉम्प्युटर कुठला, घरात विजेचा दिवासुद्धा नव्हता. पुढे १९३७ साली अमेरिकेतल्या क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवून दिले की विजेचे स्विच जोडले की बूलचे गणित आपोआप होते.

कसे? आपल्या द्राक्षबागेतले ड्रिप आठवा. एकाच पाइपवर एकामागे एक दोन व्हॉल्व्ह असतील, तर पाणी पुढे जायला पहिला आणि दुसरा, दोन्ही उघडे लागतात. टाकीत दोन वेगळ्या पाइपांनी पाणी येत असेल, तर हा किंवा तो, एक उघडा असला तरी भागते. 'नाही' म्हणजे उलटा व्हॉल्व्ह: चावी दिली की बंद, सोडली की चालू. पाण्याच्या जागी वीज धरा, झाला कॉम्प्युटर! मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली 'टिफ्रॅक' नावाचा कॉम्प्युटर देशातच बांधून चालू केला. त्यात हे काम जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या करायच्या. गंमत म्हणजे त्यांनाही व्हॉल्व्हच म्हणत. आज तुमच्या मोबाईलमध्ये असे अब्जावधी बारीक स्विच आहेत.

पण स्विचला आपल्या मनातले कळत नाही. लाडकी बहीण योजनेचेच घ्या. पिवळे आणि केशरी रेशनकार्ड असणाऱ्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट, असे आपण सहज बोलतो. आपल्या म्हणण्याचा अर्थ असतो, पिवळे किंवा केशरी. कॉम्प्युटरला मात्र 'आणि' असेच लिहून दिले, तर तो दोन्ही कार्डे मागेल. एका घराला दोन कार्डे असतात का? मग सूट एकीलाही मिळायची नाही, आणि मशीन तर बरोबरच चालत असेल!

'नाही' त्याहून फसवा. समजा, गटाचा ठराव आहे: "बचत किंवा हप्ता थकलेला असेल तर नवीन कर्ज नाही." मग कर्ज कोणाला? घाईत कोणी लिहील, "बचत थकलेली नाही किंवा हप्ता थकलेला नाही, तिला." हे चूक. 'नाही' आत शिरले की 'किंवा'चे 'आणि' होते. याला डी मॉर्गनचा नियम म्हणतात. ऑगस्टस डी मॉर्गन हे गणितज्ञही इंग्रजच, पण त्यांचा जन्म १८०६ साली आपल्याकडे मदुराईला झाला.

पटत नसेल तर पाटीवर चार बायका मांडा. पहिलीचे काहीच थकलेले नाही, दुसरीची फक्त बचत, तिसरीचा फक्त हप्ता, चौथीचे दोन्ही. ठरावाप्रमाणे कर्ज एकट्या पहिलीला. घाईतल्या वाक्याप्रमाणे दुसरी आणि तिसरीही कर्ज घेऊन जातात, अडते फक्त चौथी. कॉम्प्युटर शिकणारी मुले अशाच तक्त्यापासून सुरुवात करतात. गटाचा पुढचा ठराव रजिस्टरमध्ये उतरवण्याआधी या चौघींना त्यातून एकेक करून जाऊ द्या, आणि मोबाईलवर भरणाऱ्या मुलीलाही तोच तक्ता द्या.