साखर आहे, पण दिसतंय चांगलं? तरीही सिस्टरचा हा प्रश्न टाळू नका

मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो. सिस्टर बोट टोचून साखर बघतात, बीपी मोजतात आणि विचारतात, "डोळ्याचा पडदा कधी तपासला?" अनेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "मला दिसतंय की चांगलं!" घोळ इथेच होतो.

पडद्याला काय होतं?

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात आणि पाझरू लागतात. पडद्याला सूज येते, पुढे डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. यालाच डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. सुरुवातीला डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नजरही कमी होत नाही. मोतीबिंदूत ऑपरेशननंतर बहुधा पुन्हा दिसू लागतं. पडदा खराब होऊन गेलेली नजर मात्र बऱ्याचदा परत येत नाही.

सिस्टर काय करतात?

गावात 30 वर्षांवरील लोकांचा फॉर्म आशाताई भरतात. त्यात धूसर दिसतं का, हेही विचारलेलं असतं. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि आरोग्यसेविका साखर, बीपी तपासतात. कुणाला किती वर्षांपासून मधुमेह आहे, डोळे कधी तपासले, हे विचारून त्या पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतात. जिथे पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आहे, तिथे प्रशिक्षण घेतलेल्या नर्सही फोटो काढू शकतात. तो फोटो दूर बसलेले नेत्रतज्ज्ञ पाहू शकतात. निदान आणि उपचार डॉक्टरांचेच, पण डॉक्टरांपर्यंत वेळेत कोण पोचलं पाहिजे, हे सिस्टरमुळे कळतं.

चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला, असं नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचणाऱ्याच्याही पडद्यात बिघाड असू शकतो.

कधी तपासायचं?

- मोठ्या वयात होणारा, टाईप 2 मधुमेह असेल, तर निदान झाल्याबरोबर आणि नंतर साधारण दरवर्षी.
- मधुमेह असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच.
- डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आल्यासारखं वाटलं, अचानक कमी दिसू लागलं, तर वर्षाची वाट न बघता लगेच.

तपासणीला जाताना

बाहुली मोठी करायला डोळ्यात थेंब टाकतात. काचबिंदू असेल तर आधीच सांगावं. थेंबांमुळे काही तास धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. म्हणून मोटारसायकल स्वतः चालवू नये, घरचं कुणीतरी सोबत न्यावं. जुने कागद आणि चष्मा विसरू नये.

बिघाड सापडला म्हणून घाबरायचं कारण नाही. सुरुवातीला साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणं आणि ठरल्या तारखेला तपासणी, एवढंही पुरू शकतं. आजार वाढला असेल तर लेझर, डोळ्यातलं इंजेक्शन किंवा ऑपरेशन करतात. यात मुख्यतः उरलेली नजर वाचवायची असते, त्यामुळे उशीर महागात पडतो.

सिस्टरने दिलेली चिठ्ठी अनेक घरांत औषधांच्या पिशवीतच राहते. पेरणी आहे, लग्न आहे, गाडी मिळत नाही, अशी कारणं निघतात. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा सिस्टरने विचारायची वाट बघू नका. तुम्हीच विचारा, "माझा पडदा कुठे आणि कधी तपासायचा?"