बिडाचा सांधा: जुन्या मालमोटारीच्या मागल्या अ‍ॅक्सलची दुरुस्ती

१९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. त्या काळच्या, किंवा त्याहून जुन्या, गाड्या आज कोणी हौसेने पुन्हा उभ्या करतात. मागला अ‍ॅक्सल खोलला, की एखाद्या बिडाच्या भागाला चीर गेलेली आढळते. मग कोणी तरी सहज म्हणतो, "त्यात काय, वेल्डिंग मारून टाका!" हा सल्ला लोखंडी पट्टीला ठीक, बिडाला मात्र घातक.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. साध्या पोलादात कार्बन शेकडा पाव भागाच्या आसपास असतो. बिडात तो शेकडा २ ते ४ भाग. नेहमीच्या करड्या बिडात हा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो. गुरुजींनी वर्गात एक तार आणि एक खडू वाकवून दाखवावा. तार वाकते, खडू मोडतो. बीड हे या बाबतीत खडूचे भावंड.

आता वेल्डिंगच्या वेळी काय होते पाहा. एकच जागा वितळते, भोवतालचा भाग थंडच राहतो. वितळलेला भाग निवताना आकसतो नि शेजारच्याला ओढतो. पोलाद थोडे ताणले जाते. बिडाला ते जमत नाही, म्हणून सांध्याशेजारी नवी चीर पडते. शिवाय झटकन निवल्यामुळे कार्बनला ग्राफाइट होण्यास सवड मिळत नाही. तिथे पांढरे बीड बनते. ते इतके कडक, की कानस त्यावरून नुसती घसरते.

म्हणून आधी धातू ओळखावा. छिन्नी मारली तर पोलादाचा वेटोळा निघतो, बिडाचा चुरा पडतो. सहाणेच्या चाकावर पोलादाच्या ठिणग्या लांब नि उजळ, बिडाच्या आखूड नि तांबूस.

मग तेल-ग्रीस पूर्ण काढून भाग कोरडा करावा. चिरेच्या दोन्ही टोकांना सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. नंतर चिरेवर इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच करावी. पुढे दोन रीती आहेत. एक, सबंध भाग २६० ते ६५० अंश सेंटिग्रेडपर्यंत सारखा तापवून जोडावा, आणि कोरड्या चुन्यात किंवा राखेत पुरून सावकाश निवू द्यावा. दुसरी, निकेलची कांडी घेऊन एका वेळी इंचभरच सांधा घालावा, गरम असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोकावे, आणि हात लावता येईल इतके निवल्यावरच पुढचा टप्पा घ्यावा. घाई केली, की काम फुकट गेलेच समजा.

एक सावधगिरी बाळगा. पुष्कळ जुन्या गाड्यांत डिफरन्शियलचा सांगाडा 'मॅलिएबल' बिडाचा असतो. हे बीड दीर्घकाळ भट्टीत तापवून चिवट केलेले असते. वेल्डिंगने ते वितळले, की तेवढा भाग पुन्हा ठिसूळ होतो. तेथे पितळेच्या कांडीने झाळकाम करणे बरे. त्यात पितळ वितळते, बीड वितळत नाही. मात्र जस्ताचा धूर बाधतो. काम उघड्या हवेत करावे. बेअरिंगच्या बैठकीची टोपणे ज्याची त्यालाच बसवावीत, अदलाबदल करू नये. आणि सांध्यानंतर बैठक सरळ आहे का, हे मोजून घ्यावे.

चाकाकडे जोर पोचवणारा अ‍ॅक्सलचा दांडा, क्राउन-पिनियनचे दाते आणि ब्रेकचा ड्रम यांना मात्र वेल्डिंग कधीही करू नये. ते भाग बदलावेतच. भरलेली गाडी घाट उतरत असताना ब्रेकचा ड्रम फुटला, तर वाचवलेल्या पैशाचा हिशेब कोण करणार? जिथे केवळ आवरण आहे तिथे सांधा चालतो. जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे तिथे नवा भागच घालावा. चांगल्या कारागिराची ओळख सांध्याच्या सफाईवरून होते, तशीच 'हे जोडायचे नाही' असे सांगण्याच्या त्याच्या हिंमतीवरूनही होते.