फोटो लहान करा, अक्षर जपा

मध्यंतरी आमच्या गटातल्या एका ताईंचा कर्जाचा अर्ज परत आला. पासबुकाचा फोटो मोठा होता, म्हणून आम्हीच तो लहान केला. इतका, की खाते क्रमांकातला ३ आणि ८ सारखाच दिसू लागला. पैसे महिनाभर लांबले. त्यातून शिकलो ते सांगतो.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत सुमारे १ कोटी २० लाख ठिपके असतात. जितके ठिपके जास्त, तितकी फाइल जड.

म्हणून आधी क्रॉप करा. सतरंजी, बोटं कापून टाका, फक्त पान ठेवा. मग रिसाइज करा. लांबी-रुंदी निम्मी केली की ठिपके पावपटच उरतात. तरी जड वाटला, तरच क्वालिटी थोडी उतरवा. त्यात बारीक तपशील गाळले जातात, अक्षरांच्या कडा पुसट होतात. गाळलेलं परत येत नाही, म्हणून मूळ फोटो जपून ठेवा आणि दर वेळी त्याचीच नवी प्रत लहान करा.

अर्जात २०० केबीची मर्यादा असेल, तर १८० चालतात. ५० वर आणायची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर तो आपोआप लहान होतो. कागदपत्रं डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि पाठवण्याआधी फोटो बोटांनी मोठा करून शेजारणीला आकडे वाचायला सांगा. तिला अडखळायला झालं, तर फोटो पुन्हा करा.