जेवलात का?

मराठी खेड्यात दुपारच्या वेळी वाटेने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला ओसरीवरून हाक येते, "काय, जेवण झाले का?" विचारणाऱ्याला उत्तराची फारशी अपेक्षा असते असे नाही, ती आपुलकीची एक रीत होय. हिमालयापलीकडे पसरलेल्या चीन देशातही शेजारी शेजाऱ्याला भेटला की पूर्वीपासून हाच प्रश्न विचारीत आला आहे. चिनी लिपीत तो अवघ्या तीन अक्षरांत मावतो: "जेवलात का?" शहरांतील तरुण मंडळी आता निराळे अभिवादन करतात, तथापि वडीलधाऱ्यांच्या तोंडी हा प्रश्न आजही ऐकू येतो. सुट्टीच्या दिवसांत चीनमधील एखाद्या स्नेह्याच्या घरी जाणाऱ्या पाहुण्याने या प्रश्नाचा अर्थ समजून घेतला, तर त्या देशाचे निम्मे अंतरंग त्याला उलगडते.

भारत आणि चीन यांच्यामधील येणेजाणे फार जुने आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी भिक्षू भारतभर हिंडला, महाराष्ट्रातही आला, आणि इ. स. ६४५ मध्ये स्वदेशी परतल्यावर त्याने येथील लोकांचे वर्णन लिहून ठेवले. अलीकडच्या काळात, १९३८ साली, युद्धाने गांजलेल्या चीनच्या मदतीसाठी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक तेथे गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. ते चिनी भाषा शिकले, तेथेच त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला. पुढे दोन्ही देशांत कटुतेचे प्रसंग आले, १९६२ मध्ये युद्धही झाले; परंतु कोटणिसांचे नाव चिनी लोक आजही आदराने घेतात. राज्याराज्यांतील तंटे आणि माणसामाणसांतील स्नेह या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यावरून दिसते.

चिनी कुटुंबात पाहुणा म्हणून जावयाचे, तर रिक्त हस्ते जाऊ नये. फळे, मिठाई किंवा चहा अशी एखादी वस्तू न्यावी आणि ती दोन्ही हातांनी द्यावी. मात्र घड्याळ भेट देऊ नये. 'घड्याळ देणे' आणि 'अंत्यसमयी निरोप देणे' या दोहोंचा चिनी भाषेतील उच्चार सारखाच आहे. एकच नासपती दोघांनी वाटून खाणेही टाळतात, कारण त्या शब्दांतून 'ताटातूट' असा ध्वनी निघतो. घरात शिरल्यावर स्नेह्याच्या आईला नावाने हाक मारावयाची नसते. तिला 'आयी' म्हणावयाचे. या शब्दाचा अर्थ मावशी. नात्यावाचून नाते जोडण्याची ही रीत मराठी माणसाला शिकवावी लागत नाही.

पानात काय पडेल, हे पाहुणा कोणत्या प्रांतात आहे त्यावर अवलंबून असते. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांना जोडणारी एक रेषा चीनच्या मध्यातून पूर्वपश्चिम जाते. साधारणतः या रेषेवर वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिच्या उत्तरेस पाऊस कमी, हवा थंड व कोरडी. म्हणून तेथे गहू पिकतो. दक्षिणेस पाऊस भरपूर; म्हणून तेथे भाताची खाचरे दिसतात. कोकणात भात आणि देशावर भाकरी, तसाच हा प्रकार समजावा. उत्तरेकडील लोक कणकेच्या शेवया, वाफवलेले पाव आणि सारण भरलेल्या पुऱ्या खातात, तर दक्षिणेकडील माणसाला भाताच्या वाडग्यावाचून जेवल्यासारखे वाटत नाही. ही दोन्ही अन्ने अतिप्राचीन आहेत. पूर्व चीनमधील हमुडू येथील उत्खननात सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या भाताचे अवशेष मिळाले. पीत नदीच्या वरच्या खोऱ्यात लाज्या येथे तर एका पालथ्या पडलेल्या वाडग्याखाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्या. हा शोध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

चिनी स्वयंपाकघरात डोकावले, तर तेथील साधनांची संख्या पाहून नवल वाटते. एक खोलगट लोखंडी कढई, रुंद पात्याचा एक सुरा, लाकडाचा एक जाड ठोकळा आणि वाफवण्यासाठी बांबूच्या एकावर एक बसणाऱ्या करंड्या. एवढ्या सामग्रीवर शेकडो पदार्थ सिद्ध होतात. भाजी असो वा मांस, ते आधी बारीक चिरून घ्यावयाचे, कढई चांगली तापवावयाची, आणि थोड्या तेलात मोठ्या आचेवर भराभर परतावयाचे. बारीक तुकडे लवकर शिजत असल्यामुळे सरपण थोडे लागते, आणि भाजीचा रंग व कुरकुरीतपणाही टिकतो. चिरण्याचे सारे काम स्वयंपाकघरातच आटोपत असल्याने जेवणाच्या मेजावर सुरीची गरज उरत नाही. बोटांत धरलेल्या दोन काड्या पुरेशा होतात.

या काड्यांचे शिष्टाचार मात्र पाहुण्याने जाणून घ्यावेत. त्या भातात उभ्या खोचू नयेत. मृतांना अन्न अर्पण करताना उदबत्त्या उभ्या लावतात; भातात खोचलेल्या काड्या पाहून त्याच दृश्याची आठवण होते. काड्यांनी वाडगा वाजवू नये, कारण तसा आवाज भिकारी करीत असत. काडी कोणाकडे रोखून बोलू नये. प्रारंभी काड्या हातातून निसटतात, घास मेजावर पडतो. परंतु त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. पाहुण्याने प्रयत्न केला, यातच यजमानाला समाधान असते.

मेज बहुधा गोल असते. दरवाजाकडे तोंड असलेली जागा मानाची. तेथे ज्येष्ठ व्यक्ती किंवा मुख्य पाहुणा बसतो. आपल्याकडे प्रत्येकाचे ताट स्वतंत्र वाढतात. तेथे भाताचा वाडगा तेवढा प्रत्येकाचा, बाकीचे पदार्थ मध्यभागी सर्वांचे मिळून असतात. ज्येष्ठांनी काड्या उचलल्यावाचून लहानांनी आरंभ करावयाचा नाही. यजमान उत्तमोत्तम घास उचलून पाहुण्याच्या वाडग्यात ठेवीत राहतो. मराठी पंगतीत जसा आग्रह, तसाच हा आग्रह. आणि "पुरे, पुरे" म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हेही तसेच. ज्याचे जेवण आधी आटोपते, तो इतरांना म्हणतो, "तुम्ही सावकाश जेवा." आपल्या पंगतीतील "सावकाश होऊ द्या" हे शब्द ज्याने ऐकले आहेत, त्याला परदेशी मेजावर हे ऐकून क्षणभर घरी असल्याचा भास होईल.

महाराष्ट्रातील शहरांत 'चायनीज' म्हणून जे मिळते, ते चीनमध्ये शोधू गेल्यास निराशा होते. 'मांचुरियन' हा पदार्थ भारतातच जन्मला. 'शेजवान' हे नाव नैर्ऋत्य चीनमधील सिचुआन प्रांतावरून पडले. परंतु खुद्द सिचुआनची चव निराळी आहे. तेथील स्वयंपाकात दोन गोष्टी मुख्य असतात: तिखट मिरची आणि जिभेला झिणझिण्या आणणारी एक वाळलेली फळे. ही फळे कोकण व गोव्यातील माशांच्या कालवणात पडणाऱ्या तिरफळाच्या कुळातली होत. मिरची मात्र चीनचीही नव्हे आणि भारताचीही नव्हे. ती मूळची अमेरिकेची; सोळाव्या शतकात सागरी व्यापाराबरोबर ती आशियात आली आणि दोन्ही देशांत अशी रुजली की, तिच्यावाचून पूर्वज जेवत असतील यावर आज विश्वास बसू नये.

जो पाहुणा मांसाहार करीत नाही, त्याने ते संकोच न धरता आधीच सांगावे. पुष्कळ भाज्यांत मांसाचा थोडा रस किंवा चरबी घालण्याची चाल असल्यामुळे नंतर सांगण्यात उभयतांची पंचाईत होते. परंतु शाकाहारही तेथे परका नाही. बौद्ध विहारांत शतकानुशतके शाकाहारी स्वयंपाक होत आला आहे. त्याचा मुख्य आधार टोफू हा होय. सोयाबीन भिजवून, वाटून त्याचे दूध काढतात, ते उकळतात, आणि त्यात जिप्समसारखा क्षार घालून विरजल्याप्रमाणे घट्ट करतात. मग पाणी निथळले की पनीरासारखी पांढरी वडी तयार होते. जे अन्न आपण खात नाही, त्याला नाक मुरडू नये. नम्रपणे "नको" म्हणणे आणि दुसऱ्याच्या पानाची निंदा करणे यांत मोठे अंतर आहे.

चिनी पंचांगाप्रमाणे नवे वर्ष इंग्रजी जानेवारीच्या अखेरच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या तीन आठवड्यांत केव्हातरी येते. या सणाला वसंतोत्सव म्हणतात. त्या वेळी दूरच्या कारखान्यांत काम करणारे लक्षावधी मजूर वर्षाची कमाई गाठीला बांधून आगगाडीने आपल्या गावी परततात. कित्येकांना आईबापांचे व मुलांचे तोंड वर्षातून एवढ्या एकाच वेळी दिसते. वर्षाच्या शेवटच्या रात्री सारे घर एका मेजाभोवती बसते. उत्तर चीनमध्ये त्या दिवशी घरातील सर्वजण मिळून 'ज्याओत्झ' करतात. कणकेची पारी लाटून, तीत मांस व कोबीचे किंवा अंड्याचे सारण भरून, करंजीसारखी घडी घालून ती उकडतात. आजी पारी लाटते, मुलगा सारण भरतो, नातवंडांच्या वेड्यावाकड्या ज्याओत्झांना सगळे हसतात. या सणाला अखंड मासाही करतात. परंतु तो पुरता संपवीत नाहीत. 'मासा' आणि 'शिल्लक' या दोन शब्दांचा उच्चार चिनी भाषेत एकच आहे. येत्या वर्षी घरात अन्न शिल्लक उरो, ही त्यामागील इच्छा.

या इच्छेच्या मुळाशी मोठे दुःख आहे. चीनच्या इतिहासात दुष्काळ वारंवार पडले. १९५९ ते १९६१ या काळात राज्यकर्त्यांची चुकीची धोरणे, पिकांचे फुगवून सांगितलेले आकडे आणि निसर्गाची अवकृपा यांमुळे भयंकर दुष्काळ पडला आणि त्यात कोट्यवधी माणसे मृत्युमुखी पडली. १९५५ पासून १९९३ पर्यंत शहरांत धान्य विकत घ्यावयाचे, तर पैशांबरोबर सरकारी कुपनही द्यावे लागे. ज्यांनी तो काळ पाहिला, त्या आजीआजोबांपैकी काही आजही हयात आहेत. नातवाच्या वाडग्यात चार शिते राहिली, तर ते हळहळतात. महाराष्ट्रातही १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली माणसे पानात अन्न टाकू देत नाहीत. दोन्हीकडील वृद्धांची भाषा निराळी, पण त्यांच्या धाकामागचे कारण एकच आहे.

म्हणून चीनमधील मुलांना अन्नाचा आदर लहानपणीच शिकवितात. थांग काळातील ली शेन या कवीची शेतकऱ्याच्या कष्टांवरील छोटीशी कविता तेथील बालके मुखोद्गत करतात. तरीही संपन्नता आली की विसर पडतो. मेजवान्यांत ढीगभर अन्न मागवून टाकून देण्याची चाल इतकी वाढली की, अन्नाची नासाडी रोखण्यासाठी २०२१ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. जे घरातील आजी सांगत होती, तेच शासनाला सांगावे लागले.

भोजनोत्तर चहा येतो. त्यात दूध नाही, साखर नाही. नुसत्या हिरव्या पानांचा फिकट अर्क. प्रथम तो मराठी जिभेला फिका लागतो. दोनचार घोटांनंतर त्यातील सुगंध कळू लागतो. 'चहा' हा शब्दही मूळचा चिनीच. आठव्या शतकात लू यू या विद्वानाने तेथे केवळ चहावर ग्रंथ लिहिला. दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतात कोणी पेल्यात चहा ओतला, तर मेजावर दोन बोटे हलकेच टेकवून आभार मानतात.

निरोपाची वेळ आली की यजमान केवळ दारापर्यंत येऊन थांबत नाही. तो जिन्याखाली, पुष्कळदा रस्त्यापर्यंत पोचवावयास येतो. तेव्हा त्याच्या तोंडून जे शब्द निघतात, त्यांचा अक्षरशः अर्थ आहे: "सावकाश जा." मराठी माणूसही पाहुण्याला निरोप देताना हेच म्हणतो. येताना "जेवलात का?" आणि जाताना "सावकाश जा". ज्या समाजांनी भूक जाणली आहे आणि दूरच्या वाटा पायांखाली घातल्या आहेत, त्यांच्या भाषेत असेच शब्द घडतात. अशा घरी जो एकदा पोटभर जेवला, त्याला ते लोक पुन्हा परके वाटणे कठीण आहे.