विश्लेषण : स्वभाव चार अक्षरांत मावतो का? आठ ‘मनोकार्ये’ काय सांगतात?

दहावी-बारावीच्या निकालानंतर परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडमधील घराघरांत एकच चर्चा असते, पुढे काय? लातूर-नांदेडच्या शिकवण्यांचे शुल्क, वसतिगृहाचा खर्च आणि यंदाच्या पिकाचे गणित यांचा मेळ घालत निर्णय घ्यावा लागतो. अशा वेळी मोबाइलवर दहा मिनिटांत होणारी मोफत व्यक्तिमत्त्व चाचणी हाताशी असते. ती ‘आयएनएफपी’ किंवा ‘ईएसटीजे’ अशी चार अक्षरे देते, शिवाय त्यांना शोभणाऱ्या व्यवसायांची यादीही. या अक्षरांमागचा सिद्धांत नेमका काय आहे आणि त्यावर किती विसंबावे?

सिद्धांत आला कुठून?

स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्व प्रकारांवरील ग्रंथ १९२१ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. माणूस जग दोन प्रकारे टिपतो, संवेदनाने किंवा अंतःप्रज्ञेने. आणि दोन प्रकारे निवाडा करतो, विचाराने किंवा भावनेने, अशी मांडणी त्यांनी केली. मनाचा ओढा बाहेरच्या जगाकडे असेल तर बहिर्मुख, आत असेल तर अंतर्मुख. अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी या मांडणीवरून प्रश्नावली तयार केली. तीच ‘मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर’ अर्थात ‘एमबीटीआय’. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते.

आठ मनोकार्ये कोणती?

चार कार्ये आणि प्रत्येकाच्या दोन दिशा, म्हणून आठ. इंग्रजीत त्यांना ‘कॉग्निटिव्ह फंक्शन्स’ म्हणतात. मृग नक्षत्र लागले, एक सर येऊन गेली; सोयाबीन पेरायचे की थांबायचे, या प्रश्नावर ती सहज कळतात. ढेकूळ फोडून ओल किती खोल गेली ते पाहणे हे बहिर्मुख संवेदन. ‘मागे अशाच पावसावर पेरले आणि दुबार पेरणी करावी लागली,’ ही आठवण म्हणजे अंतर्मुख संवेदन. सोयाबीन नाही तर तूर, नाही तर कापूस, असे पर्याय भराभर सुचणे ही बहिर्मुख अंतःप्रज्ञा. तर हंगाम कुठे चालला आहे याचे एकच चित्र मनात पक्के होणे ही अंतर्मुख अंतःप्रज्ञा.

निवाड्याचेही तसेच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा सल्ला प्रमाण मानून, बियाण्याचा खर्च मांडून ठरवणे हा बहिर्मुख विचार. तोच आकडा आपल्या जमिनीला लागू होतो का, याचा तर्क स्वतः तपासणे हा अंतर्मुख विचार. घरचे आणि शेजारपाजारचे काय म्हणतात, सर्वांचे कशात समाधान आहे, हे पाहणे ही बहिर्मुख भावना. ‘कर्ज काढून जुगार खेळणार नाही,’ हे स्वतःचे मूल्य सोडायचे नाही ही अंतर्मुख भावना.

एकच शेतकरी हे सगळे करतो. मात्र प्रत्येकाचे एखादे कार्य प्रमुख असते, दुसरे त्याला साहाय्य करते आणि प्रमुख कार्याच्या विरुद्ध बाजूचे कार्य सर्वांत कच्चे राहते, असा हा सिद्धांत आहे.

अक्षरे कशी वाचायची?

‘आयएनएफजे’ आणि ‘आयएनएफपी’ यांत एकाच अक्षराचा फरक दिसतो. पण शेवटचे अक्षर निवाडा बाहेरच्या जगाकडे वळला आहे की आकलन, हे सांगते. त्यामुळे पहिल्या प्रकारात अंतर्मुख अंतःप्रज्ञा प्रमुख आणि बहिर्मुख भावना साहाय्यक ठरते. दुसऱ्यात अंतर्मुख भावना प्रमुख आणि बहिर्मुख अंतःप्रज्ञा साहाय्यक. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर इकडचे तिकडे झाले की मनाची अख्खी रचनाच बदलते.

चाचणी किती भरवशाची?

नेमकी इथेच अडचण आहे. उंचीप्रमाणे अंतर्मुखताही कमी-अधिक असते. बहुतेक जण मध्यावर असतात. चाचणी मात्र मधोमध रेघ मारून दोन गट करते. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी दिल्यावर अनेकांचा प्रकार बदलतो. करिअर समुपदेशनात एमबीटीआय वापरण्यास पुरेसे संशोधन नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने १९९१ मध्ये काढला. नोकरभरतीत निवडीसाठी ती वापरू नये, असे चाचणीची प्रकाशक कंपनीही सांगते.

मग वर्णन इतके पटते कसे? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे खास विश्लेषण’ म्हणून एकच मजकूर दिला. विद्यार्थ्यांनी त्याला अचूकतेसाठी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. राशिभविष्य पटते त्याचेही कारण हेच. आज संशोधक प्रामुख्याने पाच गुणांचे ‘बिग फाइव्ह’ प्रारूप वापरतात. त्यात माणूस कप्प्यात बसवला जात नाही; प्रत्येक गुणाचे प्रमाण मोजले जाते.

कलचाचणी यापेक्षा वेगळी कशी?

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली. कृषी, वाणिज्य, आरोग्य विज्ञान, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांतील आवड ती तपासत असे. पुढे तिला अभिक्षमता चाचणीची जोड मिळाली. आवड, क्षमता आणि स्वभाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मनोकार्ये केवळ तिसरीबद्दल बोलतात, तीही सवयीच्या ओढ्याबद्दल. ‘विचार’ हे अक्षर न आलेला विद्यार्थी गणितात कच्चा असतो, असे त्यातून निघत नाही.

मग उपयोग काय?

स्वतःकडे पाहण्यासाठी शब्द मिळतात, हा खरा उपयोग. बाप खर्चाचा हिशेब मांडतो, मुलगी ‘मला आतून पटत नाही’ म्हणते, तेव्हा दोघांपैकी कुणी हट्टी नसून निवाड्याच्या रीती वेगळ्या आहेत, एवढे कळले तरी संवाद सुरू होतो. शाखा निवडताना मात्र विषयांतील गुण, प्रत्यक्ष त्या कामात घालवलेले चार दिवस, शिक्षकांचे मत आणि घरची ऐपत यांचे वजन चार अक्षरांपेक्षा जास्त आहे. चाचणीत ‘योग्य नाही’ आले म्हणून कृषी, परिचर्या किंवा अभियांत्रिकीचे दार बंद करण्याचे कारण नाही.