पाय गेला, माणूस आहे

आमच्या मामूंच्या टाचेत बुटाचा खिळा रुतला तेव्हा त्यांना कळलेच नाही. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि दुखणे ही धोक्याची सूचनाच बंद पडते. दोन दिवसांनी वुजू करताना पाण्यात रक्त दिसले. मामूंनी मोजे चढवले आणि घरात कोणालाच सांगितले नाही. डॉक्टर पाय कापायला सांगतील, ही धास्ती होती. त्या धास्तीनेच उशीर झाला आणि अखेर गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

तो पाय कापडात गुंडाळून आम्ही कब्रस्तानात दफन केला. परत आलो तेव्हा मामू एवढेच म्हणाले, "माझा एक हिस्सा माझ्याआधी तिकडे गेला." आम्ही कोणीच काही बोललो नाही. आज वाटते, तिथेच आमचे चुकले.

पुढे जखम भरली, तरी मामू मस्जिदीत जाईनात. खुर्चीवर बसून नमाज पढताना लोक पाहतील, याची त्यांना लाज वाटे. रात्री नसलेल्या पायाची बोटे ठणकत. लोक वेड्यात काढतील म्हणून तेही त्यांनी लपवले. हे दुखणे खरे असते. पाय गेला तरी मेंदूतली त्याची जाणीव लगेच जात नाही, आणि त्यावर उपचारही आहेत. आम्ही मात्र "सब्र करा" एवढेच सांगत होतो आणि दुकानाचे निर्णय त्यांना न विचारता घेत होतो.

सब्र म्हणजे तोंड मिटून घेणे नव्हे. हजरत याकूब (अ.) पुत्रविरहाने दृष्टी जाईपर्यंत झुरले, तरी मिसाल त्यांच्याच सब्रची दिली जाते. मदीनेचे विद्वान उर्वा बिन जुबैर (रह.) यांचा पाय सडल्याने कापावा लागला, त्याच प्रवासात मुलगाही दगावला. तरीही लोकांसाठी ते आलिमच राहिले, 'बिचारे' झाले नाहीत.

डॉक्टरांनीच आम्हाला सावध केले. मधुमेहात मन खचणे नेहमीचे आहे. खचलेला माणूस औषध, पथ्य सोडतो आणि दुसरा पायही धोक्यात येतो. त्यांच्या सांगण्यावरून मामू मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. तिथे ते पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

मग जयपूर फूट बसवला. 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरमध्ये घडवलेला हा पाय आपल्या राहणीसाठीच बनला आहे. तो लावून बुटाशिवाय चालता येते, जमिनीवर बसता येते. सवय होईपर्यंत मामूंनी खुर्चीवरच नमाज पढली, पण मस्जिदीत जाऊन, जमातीबरोबर. उभे राहता येत नसेल त्याला बसून आणि बसता येत नसेल त्याला पडून नमाजची मुभा दीननेच दिली आहे. मग लाज कसली?

वुजूत पायाच्या बोटांमध्ये खिलाल करणे सुन्नत आहे. ज्या घरात मधुमेह आहे, तिथे त्याच वेळी तळवा, टाच, बोटांच्या फटी नीट पाहाव्यात आणि पाय कोरडे करावेत. नजर अधू असेल तर घरातल्या कोणी पाहावे.

आता इशानंतर मामी रोज मामूंचा उरलेला पाय मांडीवर घेऊन दिव्याखाली पाहतात. पाहता पाहता विचारतात, "आणि मन कसं आहे?" हा दुसरा प्रश्न आम्ही फार उशिरा शिकलो.