भोपळा इथला, भोंडला आपला

एडिसन (न्यू जर्सी), ऑक्टोबर

अमेरिकेतल्या विशेष मुलांच्या वर्गात सगळं शिक्षण यंत्रांवर चालत असणार, अशी पार्ल्यातल्या माझ्या जुन्या सहशिक्षिकांची पक्की समजूत आहे. मी मदतनीस म्हणून काम करते त्या सरकारी शाळेत टॅबलेट आहेत, पण ऑक्टोबरभर वर्ग चालतो तो भोपळ्यावर. 31 तारखेला हॅलोविन. त्याआधी भोपळा कापायचा, गर काढायचा, बिया मोजायच्या, नाकडोळे कोरायचे.

भोपळा एकच, पण त्यातून प्रत्येक मूल शिकतं वेगळं. एका मुलाला ओलं, बुळबुळीत काही हाताला लागलेलं सोसत नाही. त्याला आधी गर झिपच्या पिशवीत बंद करून दाबायला दिला, मग लांब दांड्याचा चमचा दिला. आठवड्याच्या शेवटी त्यानं एक बी चिमटीत धरली आणि बाईंनी लगेच वहीत नोंद केली. न बोलणारी एक मुलगी टॅबलेटवरचं चित्र दाबून त्रिकोणी नाक मागते आणि नाक त्रिकोणीच कोरलं जातं. तिसरा अंड्यांच्या खोक्यात खणाखणात एकेक बी टाकतो. पाचपैकी चार वेळा दहापर्यंत बरोबर मोजणं, हे त्याचं यंदाचं उद्दिष्ट.

ही उद्दिष्टं बाई मनानं ठरवत नाहीत. इथल्या 1975च्या कायद्यानं अपंग मुलांना मोफत सरकारी शिक्षणाचा हक्क दिला. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा, म्हणजे आयईपी, पालकांना सोबत बसवून लिहावा लागतो आणि वर्षातून एकदा तरी तपासावा लागतो.

आपल्याकडेही 2016चा दिव्यांग हक्क कायदा आहे, 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी आहे. सणांना तर तोटाच नाही. तरी दिवाळी आली की पणत्या रंगवणं हाच उपक्रम. मी पाहिलेल्या एका शाळेत आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी रंगवलेल्या पणत्यांवर शाळा सुटल्यावर मोठी माणसं पुन्हा ब्रश फिरवायची, कारण स्टॉलवर वाकडी रेघ खपत नाही. मुलाची रेघ झाकली गेली आणि गिऱ्हाइकं ‘बिचाऱ्यांनी किती छान केलंय’ म्हणत डझनांनी पणत्या घेऊन गेली. अठराच्या पुढच्या मुलांनी कार्यशाळेत पणत्या करून चार पैसे मिळवणं मानाचं आहे. आठ वर्षांच्या मुलाचा सण मात्र त्याच्या शिकण्यासाठी हवा.

चीड येते ती आपल्याकडे इतकं असूनही आपण ते वापरत नाही याची. इथला भोपळा दारात ठेवतात आणि थोड्या दिवसांत कचऱ्यात टाकतात. पार्ल्याच्या बाजारात लाल भोपळ्याची फोड मागायची, पैसे मोजून द्यायचे, किसायची, गूळ घालून घारगे थापायचे. यात बोलणं आलं, हिशेब आला, बोटांची ताकद आली आणि शेवटी खाणंही आलं. इथे थंडीच्या तोंडाशी जाड कोटाची चेन लावायला चिकाटीनं शिकवतात. आपण छत्री उघडायला-मिटायला शिकवायचं सोडून ढगाच्या चित्रावर कापूस चिकटवतो.

भोंडल्याच्या तोडीचा उपक्रम तर मला इथे कुठेच सापडलेला नाही. मधे पाटावर हत्ती असतो, त्यामुळे कुणाभोवती फिरायचं ते डोळ्यांना दिसतं. हात धरून फेर धरायचा, म्हणजे दुसऱ्याच्या चालीशी चाल जुळवायची. गाण्यातल्या ओळी फिरून फिरून येतात. पुढे काय येणार ते ठाऊक असलं की स्वमग्न मूल बरंच निवांत होतं. शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट ते विचारायचं. न बोलणारं मूलही दोन चित्रांतलं एक दाखवून यात भाग घेऊ शकतं.

आणखी एक गोष्ट इथे नाही. पार्ल्यात वाणी, रिक्षावाला, वरच्या मजल्यावरच्या काकू अशा मुलाला नावानं हाक मारतात. इथे शाळेची बस दारातून नेते, दारात सोडते आणि शेजाऱ्याला मूल माहीतही नसतं.

कोजागिरीपर्यंत तुमच्या गच्चीवर भोंडला होईलच. इमारतीतल्या अशा मुलाच्या आईला आधी जाऊन विचारा, त्याला आवाज किती चालतो, कुणाचा हात धरायला आवडतो. खिरापत ओळखायची पहिली पाळी त्याला द्या. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढं थांबा. मधेच कुणी ओरडून सांगू नका.